बीपीसाठी सासूबाईंचं मीठ कमी करायचंय, पण खान्देशी स्वयंपाकात ते करायचं कसं?

सूनबाई_अमळनेर

नमस्कार मंडळी. सासूबाई ७४ वर्षांच्या आहेत, बीपी जुनंच. अॅम्लोडिपिन चालू आहे, तरी वरचा आकडा १५०-१६० च्या खाली यायला तयार नाही. डॉक्टर म्हणाले, दुसरी गोळी जोडण्याआधी महिनाभर मीठ कमी करून बघू. किती कमी, असं विचारलं तर म्हणाले, "जरा हात आखडता घ्या."

आता आमच्याकडचं जेवण तुम्हाला माहीतच आहे. सकाळी कळण्याची भाकरी, ठेचा, एखादी रस्साभाजी. रात्री तुरीच्या डाळीची खिचडी, वरून कच्चं तेल, सोबत पापड-लोणचं. आठवड्यातून एकदा शेवभाजी झाली नाही तर मुलं रुसतात. त्यात आखाजी (अक्षय्य तृतीया) तोंडावर आलीय, गच्चीवर वाळवण सुरू आहे.

मी त्यांची भाजी वेगळी, अळणी काढून ठेवते. त्या एक घास घेतात आणि ताट सरकवतात. "हाई अळनी शे, माले नको." मग दुधात भाकरी कुस्करून खातात नाहीतर लोणच्याची बरणी ओढतात. वजनही उतरल्यासारखं वाटतंय. ज्यांनी घरात हे करून दाखवलंय त्यांनी सांगा. "मीठ वाईट असतं" एवढं मलाही माहीत आहे.

रिटायर्ड_भुसावळ

ताई, पांढरं मीठ बंद करा, सैंधव आणा. आमच्या घरी तेच चालतं. बीपीवाल्यांना चालतं ते.

काळा_मसाला

नाही चालत, दादा. सैंधव गुलाबी असो की पांढरं, ते जवळपास सगळं सोडियम क्लोराइडच, म्हणजे आपलं साधं मीठच असतं. बाकीची खनिजं नावापुरती. उलट बाजारातलं सैंधव बहुतेक वेळा आयोडीनयुक्त नसतं, म्हणजे एक फायदा गेला आणि बीपीचा प्रश्न होता तिथेच राहिला. "हे चांगलं मीठ आहे" म्हणून लोक दोन बोटं जास्त टाकतात ते वेगळंच. उपासाला वापरा, औषध म्हणून नको.

सूनबाई, मूळ मुद्द्यावर येते. वेगळी अळणी भाजी हा प्रकार आजच बंद करा. म्हाताऱ्या माणसाला आपलं ताट बाजूला काढलेलं अजिबात आवडत नाही. चव गेलीच, वर मानही गेला. मीठ ताटातून नाही, पातेल्यातून कमी करायचं. सगळ्या घराचं. त्यांना सांगायचंही नाही.

माप कसं ठेवायचं? चिमूट-बिमूट मोजायच्या भानगडीत पडू नका. मिठाचं नवं पाकीट फोडलं की त्यावर पेनानं तारीख लिहा. जागतिक आरोग्य संघटना म्हणते, माणशी दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ, म्हणजे चहाचा एक सपाट चमचाही पुरता नाही. आपल्या राष्ट्रीय पोषण संस्थेचा आकडाही ५ ग्रॅमच आहे. घरात चार माणसं असतील तर दिवसाला २० ग्रॅम, म्हणजे एक किलोचं पाकीट ५० दिवस जायला हवं. पण लोणचं, पापड, शेव, वेफर, बिस्किटं यांतलं मीठ त्या पाकिटातून येत नाही. ते धरून पाकीट दोन महिने पुरलं तर गाडी रुळावर आहे. बऱ्याच घरांत ते महिन्याच्या आत संपतं. करून बघा, हिशेब डोळ्यांसमोर येतो.

लोणच्या-पापडाला लागणारं मीठ मात्र वेगळ्या पाकिटातून घ्या. आणि गोठ्यातलं खडेमीठ या हिशेबात धरू नका, नाहीतर म्हशीचं बीपी काढत बसाल.

तात्या_शहादा

आमचे आजोबा ठेचा, लोणचं, वर मिठाचा खडा असं खायचे. नव्वदीत गेले. कसलं बीपी अन् कसलं काय. हे सगळं गोळ्या विकायचे धंदे आहेत.

धुळ्याची_लेक

तात्या, तुमचे आजोबा दिवसभर मोटेवर राबून घागरभर घाम गाळत असतील. ताईंच्या सासूबाई टीव्हीसमोर बसून शेंगा सोलतात. आणि आजोबांचं बीपी कधी कुणी मोजलं होतं का, तेही विचारा घरी. त्या काळी "झटका आला अन् गेले" एवढंच सांगायचे. तो झटका कशाचा, ते कोण बघायला गेलं होतं?

तात्या_शहादा

आजोबांना झटका नव्हता आला. पण धाकट्या काकांना आला होता. बरं, चालू द्या. वाचतोय.

डॉ_अनेरकाठ

मी चोपडा-शिरपूर पट्ट्यात प्रॅक्टिस करतो. इथे कुणाची गोळी बदलणार नाही, पण काही गोष्टी मोकळेपणानं लिहितो, कारण दवाखान्यात पाच मिनिटांत त्या सांगून होत नाहीत.

वय वाढतं तशा रक्तवाहिन्या ताठर होतात. उन्हात पडलेली ठिबकची जुनी नळी कशी कडक होते, तसंच. म्हणून म्हाताऱ्या माणसांत खालचा आकडा ठीक आणि वरचा चढलेला, असं चित्र फार दिसतं. त्यातच मूत्रपिंडाची जास्तीचं सोडियम बाहेर टाकायची ताकद कमी झालेली असते. सोडियम अंगात थांबलं की सोबत पाणी थांबतं आणि दाब वाढतो. त्यामुळे तेवढंच मीठ तिशीतल्या माणसापेक्षा सत्तरीतल्या माणसाला जास्त चढतं. आणि गंमत अशी की याच वयात जिभेची चव मंदावते, कवळी असते, औषधांनी तोंड कोरडं पडतं. म्हणून ही मंडळी मीठ मागतात जास्त. तो हट्ट नसतो, त्यांना खरंच चव लागत नाही.

कमी केल्यानं किती फरक पडतो? २०२३ साली अमेरिकेतला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. ५० ते ७५ वयाच्या २१३ लोकांना एक आठवडा खूप कमी सोडियमचं आणि एक आठवडा जास्त सोडियमचं जेवण दिलं. कमीच्या आठवड्यात वरचा दाब नेहमीच्या जेवणापेक्षा सरासरी ६ ने खाली होता, जास्त मिठाच्या आठवड्यापेक्षा ८ ने. म्हणजे साधारण एका गोळीच्या तोडीचा फरक, तोही आठवड्यात. तिथलं जेवण फारच कमी सोडियमचं होतं, घरी तेवढं जमत नाही आणि तेवढं करायची गरजही नाही. शिवाय हा फरक सगळ्यांना सारखा पडत नाही. कुणाला १० पडतो, कुणाला काहीच नाही. म्हणून मोजत राहायचं.

गोळी मात्र चालूच ठेवायची. मीठ कमी केलं म्हणून गोळी सोडलेले पेशंट मला दर उन्हाळ्यात भेटतात.

सूनबाई_अमळनेर

डॉक्टरसाहेब, काळा_मसाला ताई, खूप आभार. पाकिटावर तारीख आजच लिहिली. एक अडचण आहे. मिस्टर मे महिन्यात दिवसभर केळीच्या बागेत असतात, घामानं शर्टावर पांढरे डाग पडतात. सगळ्यांचंच मीठ कमी केलं तर त्यांचं काय?

डॉ_अनेरकाठ

चांगला प्रश्न. भाजी सगळ्यांची कमी मिठाची करा. बागेत जाणाऱ्याच्या ताकात किंवा लिंबूपाण्यात मीठ टाका. घाम गाळणाऱ्याला वरून देता येतं, पण पातेल्यात पडलेलं सासूबाईंच्या वाट्यातून काढता येत नाही. फक्त मिस्टरांचं बीपीही एकदा मोजून घ्या.

काळा_मसाला

आता स्वयंपाकाचं. हे माझं क्षेत्र.

एकदम निम्मं करू नका, पकडल्या जाल. मसाल्याच्या डब्यातला मिठाचा चमचा बदला, आधीपेक्षा लहान ठेवा आणि तो सपाट भरा, शिगोशीग नाही. आठवड्या-दोन आठवड्यांनी थोडं आणखी खाली या. जिभेला सवय व्हायला काही आठवडे लागतात, पण होते. नंतर बाहेरचंच खारट लागायला लागतं.

कळण्याचं दळण गिरणीत देताना आमच्याकडे ज्वारी-उडदातच मीठ टाकायची पद्धत होती. तुमच्याकडेही असेल तर ते आधी थांबवा. भाकरी तोंडात विरघळून चव देत नाही, ती भाजीला लावून खायची असते. तिच्यातलं मीठ फुकट जातं. भात, पोळीची कणीक, बट्टीचं पीठ यांनाही हेच. बट्टीसोबत वरण असतंच की.

खिचडीत मीठ कमी आणि लसणाची फोडणी जास्त. वरून कच्चं तेल असतंच, त्यात चिमूटभर लाल तिखट कालवलं की मिठाची आठवण येत नाही. पापड आणि लोणचं दोन्ही एका वेळी नको, एक काहीतरी निवडायचं. लोणच्याची फोड घ्यायची, खार नाही. त्या खारात मीठ भरपूर असतं.

शेवभाजी: रश्श्यात मीठ टाकूच नका. शेवेत मीठ असतं, बऱ्याच शेवेत सोडाही असतो, आणि ती रश्श्यात पडली की सगळं रश्श्यात उतरतं. काळा मसाला, भाजलेलं खोबरं-कांदा दणकून. शेव वाढताना टाका. पहिल्या दिवशी चाखून बघा, लागलंच तर मग मीठ.

भरीत तर फार सोपं आहे. चांगलं वांगं, तुराट्यांवर भाजलेलं, बडगीत ठेचलेल्या हिरव्या मिरच्या, लसूण, कांद्याची पात, शेंगदाणे. या सगळ्याला स्वतःचीच चव आहे. मीठ ठेचताना टाकू नका, अगदी शेवटी वरून भुरभुरवा. जिभेला वरचं मीठ आधी लागतं, म्हणून कमीत भागतं. ज्यांना भरताला मूठभर मीठ लागतं त्यांनी वांगी बदलावी, असं माझं स्पष्ट मत आहे.

आंबट विसरू नका. लिंबू, आमसूल, चिंच, ताक. आंबट आणि तिखट दोन्ही असलं की मिठाचा कमीपणा झाकला जातो.

आसोदा_स्पेशल

वांगी बदलावी हे वाक्य फ्रेम करून ठेवतो. 🙏

रिटायर्ड_भुसावळ

सैंधवाचं कळलं. मग ते दुकानात मिळतं ते "कमी सोडियमचं" मीठ? जाहिरात बघितली, महाग आहे पण आणतो म्हटलं.

डॉ_अनेरकाठ

थांबा, हे नीट वाचा आणि मगच आणा.

त्या मिठात सोडियम क्लोराइडचा काही भाग काढून त्याजागी पोटॅशियम क्लोराइड घातलेलं असतं. उपयोगाचं आहे, यात शंका नाही. चीनमधल्या ६०० खेड्यांत जवळपास २१ हजार लोकांवर मोठी चाचणी झाली, तिचे निष्कर्ष २०२१ मध्ये आले. माणसं आपल्या सासूबाईंसारखीच: आधी पक्षाघात झालेली, किंवा साठीच्या पुढची आणि बीपी असलेली. निम्म्या खेड्यांना ७५ टक्के सोडियम क्लोराइड, २५ टक्के पोटॅशियम क्लोराइडचं मीठ दिलं. सुमारे पाच वर्षांत त्या खेड्यांत पक्षाघाताचं प्रमाण १४ टक्क्यांनी कमी राहिलं. खेडी, घरचा स्वयंपाक, मीठ बहुतेक हातानंच टाकलेलं, म्हणजे आपल्याशी जुळणारी परिस्थिती. जागतिक आरोग्य संघटनेनंही २०२५ च्या सुरुवातीला घरात असं मीठ वापरायला अनुकूल शिफारस केली.

पण त्याच शिफारशीत म्हटलंय की मूत्रपिंडाचा त्रास असलेल्यांसाठी ही नाही. मूत्रपिंड कमजोर असेल तर पोटॅशियम रक्तात साठतं आणि हृदयाचे ठोके बिघडतात, कधीकधी काही लक्षण न दाखवता. टेल्मिसार्टन, लोसार्टन, रामिप्रिल यांसारख्या बीपीच्या गोळ्यांनी पोटॅशियम थोडं वाढू शकतं, स्पायरोनोलॅक्टोननं जास्त. साठीच्या पुढे, त्यात मधुमेह असेल तर मूत्रपिंड थोडंफार थकलेलं असणं अगदी नेहमीचं आहे आणि माणसाला ते माहीतच नसतं. तेव्हा आधी रक्तातलं क्रिएटिनिन (त्यावरून मूत्रपिंडाचं काम कळतं) आणि पोटॅशियम तपासा, गोळ्यांची चिठ्ठी डॉक्टरला दाखवा, मग ते मीठ. घरात एकाचं जरी मूत्रपिंड बिघडलेलं असेल तर त्या पातेल्यात ते नको.

केळीवाला_रावेर

म्हणजे केळीत पोटॅशियम असतं ते? आमचा तर धंदाच बसवाल डॉक्टर.

डॉ_अनेरकाठ

मूत्रपिंड चांगलं असेल तर केळी, डाळी, पालेभाज्या खुशाल खा. त्यातलं पोटॅशियम बीपीला चांगलंच आहे. वेफर मात्र केळी म्हणून मोजू नका.

नंदुरबारी

एक उलटी बाजू सांगते. कुणाला घाबरवायचं नाही.

माझे मामा ७८ चे. बीपीच्या गोळीत लघवी जास्त होण्याचं औषध होतं. व्हॉट्सअॅपवर काहीतरी वाचून त्यांनी स्वतःच मीठ पूर्ण सोडलं. भाजी अळणी, ताक अळणी, आणि उन्हाळा म्हणून तांब्यावर तांब्या पाणी. मेच्या उन्हात एके दिवशी सुस्त पडले, मग भलतंच बरळायला लागले, आम्हाला ओळखेनात. घरचे म्हणाले ऊन लागलं. दवाखान्यात नेल्यावर कळलं, रक्तातलं सोडियम फार खाली गेलं होतं. चार दिवस सलाइन, अतिदक्षता विभाग. आता बरे आहेत, पण तेव्हा सगळ्यांचा जीव टांगणीला लागला होता.

डॉ_अनेरकाठ

हे लिहिलंत ते फार बरं केलंत. क्लोरथॅलिडोन, हायड्रोक्लोरोथायझाइड या लघवी वाढवणाऱ्या गोळ्या चांगल्याच आहेत, पण म्हाताऱ्या माणसांत त्यांनी सोडियम घसरू शकतं. त्यात जेवण कमी, जुलाब-उलट्या, जळगाव-भुसावळचा ४५ अंशांचा उन्हाळा आणि नुसतं पाणी, असं जुळून आलं की धोका वाढतो. गळून जाणं, मळमळ, डोकं दुखणं, तोल जाणं, गोंधळल्यासारखं बोलणं, फिट येणं. म्हातारं माणूस उन्हाळ्यात अचानक बावचळलं तर "वय झालं" म्हणून सोडू नका. त्याच दिवशी दाखवा आणि सोडियम तपासायला सांगा.

आपल्याला ५ ग्रॅमच्या आसपास यायचंय, शून्यावर नाही. पण उलट टोकही नको. ऊन आहे म्हणून रोज ओआरएस पिणारे आजोबा मी पाहिलेत. एक लिटर ओआरएसमध्ये मीठच २.६ ग्रॅम असतं, सायट्रेटमधलं सोडियम वेगळं. ते जुलाबाचं औषध आहे, सरबत नाही. मात्र जुलाब लागले तर बीपी आहे म्हणून टाळायचंही नाही.

आणि सूनबाई, तुम्ही वजन उतरल्याचं लिहिलंय, ते मला बीपीइतकंच महत्त्वाचं वाटतं. अळणी म्हणून त्या जेवेनाशा झाल्या तर फायद्यापेक्षा तोटा जास्त. काळा_मसाला ताईंचा हळूहळूचा मार्गच बरोबर आहे.

धुळ्याची_लेक

वाळवणाचं कुणीच बोललं नाही! पापडखार, सोडा यांतही सोडियमच असतं ना? मीठ कमी टाकून पापडखार सढळ टाकला तर काय उपयोग. चहाचा एक चमचा खायचा सोडा म्हणजे १२०० मिलीग्रॅमच्या वर सोडियम. दिवसाचा सगळा कोटा २००० चा.

यंदा आम्ही ज्वारीच्या बिबड्यांत मीठ कमी करून तीळ, जिरं, लसूण, हिरवी मिरची वाढवली. बिबडे छान झाले. कुरडयांतही मीठ कमी चालतं, गव्हाच्या चिकाला स्वतःची आंबट चव असते, आणि वाळल्यावर खारटपणा तसाही वाढतो. म्हणून चीक शिजवताना बेताचं लागलं की वाळल्यावर खारट होतंच, हे आजीचं गणित. उडदाच्या पापडाला मात्र मी हात लावला नाही. पापडखार कमी केला की पापड फुलत नाही, आणि सासरच्या पापडाशी खेळायची माझी हिंमत नाही. तो कमी खायचा, एवढंच.

विकतच्या पाकिटावर सोडियम मिलीग्रॅममध्ये छापलेलं असतं. त्याला अडीचनं गुणलं की मीठ किती ते कळतं. ८०० मिलीग्रॅम लिहिलं असेल तर २ ग्रॅम मीठ. तो आकडा बहुतेक १०० ग्रॅमचा असतो आणि पाकीट २०० चं, हे बघा.

रिटायर्ड_भुसावळ

मोजण्याबद्दल मी बोलतो, कारण रोज सकाळी तेच काम आहे. फिरून आल्या आल्या, चहा पिऊन, तंबाखू मळून झाल्यावर मशीन लावलं की आकडा चढलेलाच येणार. अर्धा तास आधी चहा-तंबाखू-मिश्री नको, लघवी करून यायचं, पाच मिनिटं पाठ टेकून गप्प बसायचं, पाय जमिनीवर, हात छातीच्या उंचीला टेकवलेला. पट्टा उघड्या दंडावर, बाहीवरून नाही. दोनदा मोजायचं, वहीत लिहायचं. मध्ये बायकोशी बोलायचं नाही. हे शेवटचं सगळ्यात अवघड.

डॉ_अनेरकाठ

एकदम बरोबर. त्यात एक भर: आठवड्यातून एकदा उभं करूनही मोजा. मीठ कमी झाल्यावर त्याच गोळीनं दाब जास्त उतरू शकतो आणि रात्री उठताना चक्कर येऊन पडायची भीती असते. उभं राहिल्यावर वरचा आकडा २० किंवा जास्त पडत असेल तर डॉक्टरला कळवा.

सूनबाई_अमळनेर

बरेच दिवसांनी लिहितेय, आखाजीच्या गडबडीत राहून गेलं. चमचा बदलला, दळणातलं मीठ बंद केलं, वेगळी भाजी बंद. सासूबाई आमच्यात बसून जेवतात, तक्रार नाही. तक्रार आली ती सासऱ्यांकडून, तीही फक्त वरणाबद्दल. आकडा आता १४५ च्या आसपास आहे. कधी १४२, कधी परत १५४. उभं करून मोजल्यावर फारसा पडत नाही. पाकीट अजून चालू आहे.

डॉक्टर, अजून खाली यायला हवा ना? आणि दुसरं काही बघायला हवं का?

डॉ_अनेरकाठ

सुरुवात चांगली आहे. त्या आणखी काय काय घेतात ते सांगा. डॉक्टरनं लिहिलेलं नाही, तेसुद्धा.

सूनबाई_अमळनेर

गुडघे दुखतात म्हणून मेडिकलवरून एक गोळी आणतात, दिवसाआड तरी घेतातच. पाकिटावर डायक्लोफेनॅक लिहिलंय. आणि रात्री जेवणानंतर गॅससाठी ती पाण्यात फसफसणारी पुडी. ती तर रोजचीच, ते औषध आहे असं आमच्या घरात कुणी धरतच नाही.

डॉ_अनेरकाठ

दोन्ही महत्त्वाचं आहे. त्या पुडीत खायचा सोडा भरपूर असतो, एका पुडीत दिवसाच्या सोडियमचा मोठा वाटा जातो. भाजीतून तुम्ही जे वाचवताय ते रात्री ग्लासातून परत येतंय. आणि डायक्लोफेनॅकसारख्या वेदनाशामक गोळ्या अंगात मीठ-पाणी धरून ठेवतात, बीपी वाढवतात, बीपीच्या काही गोळ्यांचा असर कमी करतात आणि या वयात मूत्रपिंडाला मारक ठरतात. गुडघ्यासाठी आणि गॅससाठी दुसरे पर्याय आहेत, पण ते त्यांच्या डॉक्टरांनी तपासून ठरवायचे. सोबत क्रिएटिनिन, सोडियम, पोटॅशियम करून घ्या. आकड्यांची वही, गोळीचं पाकीट आणि ती पुडी, सगळं टेबलावर ठेवा.

सूनबाई_अमळनेर

गुरुवारी नंबर लावलाय. गॅसची पुडी बंद म्हटल्यावर त्या काय म्हणतील याचीच धास्ती आहे, मिठापेक्षा जास्त.

काळा_मसाला

रात्रीची खिचडी तासभर लवकर वाढा आणि जेवल्यावर ओवा-बडीशेप द्या, बिनमिठाची. काळं मीठ लावलेली बडीशेप आणू नका म्हणजे झालं.